उन्हातला मासा

गळाचं बूच हललं. नाही, हललं नाही — पाण्यावरून वाऱ्याची एक सुरकुती गेली, तिनं ते उचललं आणि होतं तिथंच ठेवलं... इतक्या अलगद, की मुद्दाम खिजवल्यासारखं.

दंतवैद्यांनी गळाची काठी दुसऱ्या हातात घेतली आणि वर पाहिलं. आभाळ अगदी मनासारखं होतं. करडं, जड, खाली वाकलेलं. हवेचा दाब सकाळपासून उतरत होता, दिवस कलायला लागला होता, आणि अशाच वेळी तळाशी दडलेले मोठे मासे सुस्ती झटकून उथळ पाण्यात चरायला येतात — हे ते वर्षानुवर्षं सांगत आले होते. दवाखान्यात सांगणं सोपं होतं. खुर्चीतला माणूस आ वासून पडलेला. तो फार तर ‘आँ’ म्हणायचा, आणि ती संमती धरली जायची. घरी मात्र सगळ्यांची तोंडं मोकळी होती.

“आज मासा आला नाही,” बायकोनं निघताना बजावलं होतं, “तर यापुढे जेवताना हवेचा दाब काढायचा नाही.” आणि साक्षीदार म्हणून स्वतःच्या वडिलांना बरोबर धाडलं होतं.

ते आता शेजारी घडीच्या खुर्चीवर बसले होते. उभा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेलेला. सिद्ध केल्याशिवाय ‘आज गुरुवार’ हेसुद्धा ते मान्य करत नसत.

“कधी येणार मासा, जावईबापू?”

“येईल, तात्या. दाब उतरतोय.”

“मागच्या खेपेलाही उतरत होता.”

“तेव्हा वारा उलटा होता.”

“असं! म्हणजे आला तर दाब, नाही आला तर वारा.”

मग? चुकलं काय त्यात? — पण या माणसासमोर जीभ टाळ्याला चिकटते ती चिकटतेच. मुलगी मागायला गेलो तेव्हाही असंच, चष्म्यावरून बघत, ‘सुखात ठेवाल कशावरून?’ आणि मी, चांगला शिकलासवरलेला मी, घाम पुसत म्हणालो होतो, ‘लोकांचे दात किडतातच.’ तेव्हा आभाळ कसं होतं बरं... ढगाळच असणार... की ऊन...

ऊनच पडलं. ढग बघता बघता फाटले, वारा मेला, पाण्यावर भगभगीत उजेड सांडला. दंतवैद्यांचा चेहरा पडला.

“संपलं,” ते म्हणाले. “आता मोठा मासा वर येणं शक्यच नाही.”

“नक्की?”

“काळ्या दगडावरची रेघ.”

तात्या खुर्ची मिटायला उठले, आणि बूच नाहीसं झालं.

काठी कमानीसारखी वाकली. दोरा करकरत पाणी कापत निघाला, हात खांद्यातून उपटून येतायत की काय असं झालं, आणि लांबवर एक रुंद, तांबूस पाठ उन्हात लखलखून पुन्हा बुडाली. केवढा! दंतवैद्यांच्या छातीत आनंद मावेना — आणि डोक्यात कुणीतरी रागारागानं ओरडत होतं, हा येऊच शकत नाही!

“ढील द्या!” तात्या बुटांसकट गुडघाभर पाण्यात शिरले होते. “ओढा! अहो, ढील द्या! ओढा की!”

हा घरी गेला तर... आयुष्यभर ताटावर हाच. उन्हात आलेला. यांच्यादेखत आलेला. अंगठा दोऱ्यावर होता — घट्ट होता, घट्टच होता — की क्षणभर...

दोरा हलका झाला.

दंतवैद्यांनी रिकामा गळ ओढून घेतला.

“सुटला,” दंतवैद्य म्हणाले. सुटला की सोडला? अंगठ्याकडे पाहिलं, तो लाल झाला होता, बाकी काही सांगत नव्हता.

“मी पाहिला,” तात्यांना धाप लागली होती, डोळे पोरासारखे चमकत होते. “घरी मी सांगतो. एवढा होता!”

“आणि... ऊन?”

तात्यांनी कपाळावर हात आडवा धरून त्या रखरखीत आभाळाकडे नीट पाहून घेतलं.

“ढगच होते म्हणा ना,” ते सावकाश म्हणाले. “थोडेफार.”

दंतवैद्यांना बरं वाटायला हवं होतं. इतकी वर्षं हवा असलेला होकार असा आयता पदरात पडला होता आणि तो कुठं ठेवावा हेच त्यांना कळेना. त्यांनी गळाला नवं आमिष लावलं. मान भाजत होती, वाऱ्याचा पत्ता नव्हता, मासा का यावा याचं एकही कारण त्यांच्यापाशी उरलं नव्हतं... आणि तरी त्यांनी गळ पुन्हा तिथंच फेकला.