भोंग्याची कवळी

वैऱ्यावर प्रेम करा असं सांगणाऱ्यांना मला एकदा विचारायचंय, तुमच्या वरच्या मजल्यावर कोण राहतं? आमच्या चर्चच्या पाळकांच्या वर कबुतरं राहतात. आमच्या वर भोंगा.

मी कवळ्या बनवतो. दातांच्या डॉक्टरीणबाई पेशंटचं माप पाठवतात. मी मागच्या खोलीत प्लॅस्टरचा साचा ओततो, त्यावर मेणात दात बसवतो आणि बाईंकडे परत पाठवतो. त्या ते मेणाचं काम पेशंटच्या तोंडात घालून बघतात, साठ ते सत्तर आकडे म्हणायला लावतात. दात पुढेमागे असले तर 'स'ला लगेच कळतं. सगळं जमलं की मेण काढून तिथे पक्की हिरडी भरून पकवायची. एकदा पकवली की मग दात केसभरही हलत नाही. पेशंटचं तोंड मला बघावं लागत नाही. या धंद्यात मला आवडणारी गोष्ट तीच.

भोंगा म्हणजे निवृत्त हेडक्लार्क. रविवारी आम्ही प्रार्थनेला निघालो की हा जिन्याच्या कठड्याला टेकून उभाच. "निघाले. देव बदलला, उद्या बाप बदलतील साले." अकरा वर्षं हेच वाक्य. देव माझ्या आजोबांनी बदलला, तेव्हा माझा बापसुद्धा जन्मला नव्हता, पण हे भोंग्याला कोण सांगणार? आई दर रविवारी मान वर करून विचारते, "बरे आहात ना?" खरं सांगतो, त्या शिवीपेक्षा मला या "बरे आहात ना"चा जास्त संताप येतो.

गेल्या वर्षी बाबा गेले. शवपेटी जिन्याच्या वळणावर अडकली. आम्ही चौघं घामाघूम होऊन ती तिरकी करतोय, आणि वरून आवाज आला, "चला, एक कमी झाला."

आईने तेव्हाही वर बघितलं. त्या दिवशी मात्र काही विचारलं नाही.

म्हणून बाईंकडून आलेल्या खोक्यावर भोंग्याचं नाव वाचलं तेव्हा मी चक्क हसलो. चिठ्ठीत लिहिलं होतं, जुनी कवळी तुटली आहे, पंधरा दिवसांवर नातीचं लग्न आहे, तिथे आजोबांना चार शब्द बोलायचे आहेत, तेव्हा जरा लवकर द्या. चार शब्द. मी वरचे पुढचे दात मिलिमीटरभर पुढे बसवले. दिसायला एकदम झकास. पण 'स' आला की शिट्टी वाजणार, आणि माईकवर ती शेवटच्या खुर्चीपर्यंत जाणार.

बाईंच्या खुर्चीत हे पकडलं जायला हवं होतं. पण भोंगा तिथे बोललाच नाही. अकरा वर्षं जिना डोक्यावर घेणारा हा माणूस बाईंसमोर आकडे मोजायला लाजला. आरशात बघून मान हलवली आणि घरी गेला. बाईंनी चिठ्ठीवर 'पकवा' लिहून काम परत पाठवलं.

मेण काढायला मी पाणी उकळत ठेवलं. तेवढ्यात आई चहा घेऊन आली आणि माझ्या पोटात काही राहिलं नाही. सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, चिडेल, नाहीतर पाळकांसारखं काहीतरी ऐकवेल. दोन्हीची उत्तरं माझ्याकडे तयार होती.

"तो दातांनी बोलत नाही रे," ती म्हणाली. "आणि लग्न त्या पोरीचं आहे."

कप ठेवला आणि गेली. भांडायलासुद्धा थांबली नाही.

मी गॅस बंद केला. प्रेमबिम काही दाटून आलं नाही, हे आधीच सांगतो. उलट डोकं अजून फिरलं. आयुष्यात एक वाईट काम मनापासून करायला घेतलं, तर तेही या घरात धड करता येत नाही. मेणाचे दात, सुरी आणि स्पिरिटचा दिवा उचलला आणि भोंग्याचं दार वाजवलं.

त्याने दार उघडलं. दात नसल्यामुळे तोंड आत गेलेलं, चेहरा निम्मा झालेला. कशाला आलास म्हणाला.

"दात चुकलेत. मी चुकवलेत, मुद्दाम," मी म्हटलं. "आता नीट करायला आलोय. बसा आणि बोलून दाखवा."

त्याने कडीला हात घातला. दार आपटेल असं वाटलं, पण लग्न जवळ आलं होतं. बसला. मी दात तोंडात बसवले आणि आकडे म्हणायला सांगितलं. मी काय पहिलीत आहे का, म्हणून माझ्यावरच खेकसला.

"मग रविवारचं म्हणा. पाठ आहे तुम्हाला."

आणि म्हणाला की. सुरुवात जरा दबकत केली, पण 'साले'ला शिट्टी अशी वाजली की तो स्वतःच दचकला. मी दात काढले, सुरी तापवली, मेण मऊ करून दात आत ढकलले, परत बसवले. पुन्हा म्हणा. पुन्हा शिट्टी, थोडी बारीक. पुन्हा म्हणा. माझ्याच बापाला दिलेली शिवी मी कान लावून, डोळे मिटून ऐकत होतो, त्यातला 'स' कुठे घासतोय ते शोधत. सातव्या खेपेला त्याचाच जीव कंटाळला. शिवीतला सगळा दम गेला होता, नुसते शब्द राहिले होते.

'स' जमला. 'झ' बघायचा होता.

"आता 'एक कमी झाला' म्हणा," मी म्हटलं.

मी सुरी हातात धरून तसाच उभा. हे मी कामासाठी विचारलं की नाही, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही.

"ते नको," तो म्हणाला. मग भिंतीकडे तोंड करून हळूच सुरू झाला, "साठ, एकसष्ट, बासष्ट..." सत्तरपर्यंत गेला. एकदाही शिट्टी वाजली नाही. 'झ' राहूनच गेला. मी खाली आलो आणि कवळी पकवली.

लग्नात तो फार छान बोलला म्हणे. आम्हाला बोलावणं नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही निघालो, तर कठड्याला भोंगा. "निघाले. देव बदलला, उद्या बाप बदलतील साले." घंटेसारखा स्वच्छ आवाज, एकेक अक्षर सुटं. माझंच काम. मला तिथेच डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

"बरे आहात ना?" आई म्हणाली.

मी दोन पायऱ्या उतरलो, थांबलो, आणि स्वतःवरच चडफडत वर बघितलं. "चावताना उजवीकडे टोचतं का?"

त्याने उजव्या गालाला हात लावला. "टोचतं."

"संध्याकाळी या. घासून देतो."

आला. शिव्या देतच आला.