आधीच येऊन गेलेली भाकरी

सगळा घोळ एका शब्दाचा. नांदेडच्या दवाखान्यातून महांतेशनं जळकोटला आईला फोन लावला आणि सांगितलं, "पोरगी झाली. पण ऱ्हात न्हाई म्हणतेत डॉक्टर." रेंजनं दगा दिला की नीलाबाईंच्या कानांनी हवं तेच ऐकलं, देव जाणे. त्यांना ऐकू आलं, "ऱ्हायली न्हाई." घटकाभरात गल्ली गोळा झाली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे भाकरी आणतात. त्या रिवाजानं शेजारची शरणम्मा पिठलं-भाकरी घेऊन आली. आणखी चार घरांतून टोपल्या आल्या. नीलाबाई डोळ्याला पदर लावून पोटभर जेवल्या. दुसऱ्या दिवशी खरं काय ते कळलं, पण त्यांनी गल्लीला त्यातलं अक्षर सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी वर्षाराणी लेकीला कुशीत घेऊन सासरी आली. जिवंत लेकीला.

बाळाचं काळीज अर्धंच घडलंय, हे तिला पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीतच कळलं होतं. तिचं रडून झालं ते तेव्हाच. दवाखान्यातल्या सिंधु सिस्टरनं नवरा-बायकोला समोर बसवून सरळ सांगितलं होतं, "हिला बरं करणं आमच्या हातात न्हाई. दुखू न देणं हाय." औषधाचे थेंब किती द्यायचे, धाप लागली की बाळाला कसं धरायचं, सगळं शिकवलं. निघताना म्हणाली, "जवर हाय, तवर ती तुमची लेक हाय. नाव ठेवा, लाड करा." वर्षाराणीनं तेवढंच पदराला बांधलं. लेक जगणार नव्हती. पण माणूस म्हणून जावी, एवढाच तिचा हट्ट होता.

नीलाबाईंनी तिला उंबऱ्यातूनच आतल्या खोलीत नेलं आणि दार ओढून घेतलं.

"बाहीर काढू नको हिला. गाव भेटून गेलंय. आता कोणत्या तोंडानं सांगू, जित्ती हाय म्हणून?"

"आत्याबाई, जंगम अय्यांना बोलवा. नाव ठेवू, गळ्यात लिंग बांधू. लिंगायताची लेक हाय ती."

"चार दिसाच्या जिवाला कशाला? बारसं बाराव्या दिशी असतंय. ऱ्हायली तर बघू."

वर्षाराणीनं नवऱ्याकडं पाहिलं. महांतेश मोबाइल चार्जिंगला लावायला बाहेर निघून गेला. असल्या माणसाला आपल्याकडं गरीब गाय म्हणतात.

सात दिवस ती पोर दाराआड जगली. रडली की नीलाबाई टीव्हीचा आवाज वाढवायच्या. सिंधु सिस्टरचा रोज फोन यायचा. थेंबांचं विचारून झालं की ती न चुकता म्हणायची, "आणि शांभवी काय म्हणतेय?" नाव वर्षाराणीनंच ठेवलं होतं, लेकीच्या कानात सांगून. ते नाव घेणाऱ्या जगात दोघीच होत्या.

अकराव्या दिवशी सकाळी शांभवीनं आईच्या मांडीवर जीव सोडला. बारशाला एक दिवस उरला होता. दुखलं मात्र नाही तिला. सिस्टरनं दिलेला शब्द खरा झाला. महांतेश तिला टॉवेलात गुंडाळून, कुणी पाहू नये म्हणून मागच्या दारानं शेतात नेऊन पुरून आला. ना अय्या, ना लिंग. गल्लीतून कुणी फिरकलं नाही. फिरकतील कशाला? त्यांचं येऊन झालं होतं.

अकराच्या सुमाराला नीलाबाईंनी गॅस पेटवून तवा ठेवला. "पोराच्या पोटात सकाळधरनं काय न्हाई," त्या पुटपुटल्या.

वर्षाराणी उठली आणि तिनं गॅस बंद केला.

"आज चूल पेटायची न्हाई. घरात माणूस मेलंय."

"मग खायाचं काय? आज कोण आणून देतंय भाकरी?"

"आणून दिली की. माझ्या लेकीची भाकरी तुमी ती जित्ती असतानाच खाल्ली, आत्याबाई."

तवा गार होईपर्यंत ती तिथंच उभी राहिली.