टाकीसमोरच्या शिव्या

कोणी विश्वास ठेवणार नाही, पण त्या वर्षी आमच्या घरची ड्राय व्हाइट वाइन माझ्या शिव्यांनी वाचवली. टाकीतल्या यीस्टनं रसातली साखर खायचं मध्येच सोडलं. ड्राय म्हणवणारी वाइन गोड राहिली असती, तर टेकडीवरचे सगळे मळेवाले आम्हाला हसले असते. थोरला भाऊ, पदवीवाला दीडशहाणा, साखर मोजायचं मीटर बुडवून नुसता सुस्कारे टाकत होता.

मी टाकीसमोर खुर्ची मांडली. “आयतखाऊंनो, शेवटी माझ्या भावावरच गेलात!”

तीन दिवस तोंडाचा पट्टा चालू होता. चौथ्या दिवशी यीस्टनं शरमेनं साखरेचा कण शिल्लक ठेवला नाही.

“भाऊजी, थापा पुरे!” वहिनी म्हणाली. “थंडीनं गारठलेल्या टाकीला हीटर मी लावला होता. तुम्ही उबेला येऊन घोरत होतात.”