बारकीचा फॉर्म

माझी भाची बारकी वीस वर्षांची आहे, माझ्यापेक्षा वीतभर उंच, तरी नाव बारकीच राहिलं. दोन वर्षं ती माझ्या गॅरेजात ट्रक खोलते. हात चांगला आहे तिचा. तोंडावर मी कधी म्हटलं नाही, डोक्यावर बसली असती.

अवजड गाड्यांच्या दुरुस्तीचा कोर्स कर, हे टुमणं माझंच. हल्लीच्या ट्रकचा बिघाड कॉम्प्युटरला विचारावा लागतो आणि माझं त्याच्याशी जमत नाही. फॉर्म भरायची उद्या शेवटची तारीख, म्हणून या आठवड्यात आम्ही दोन्ही कॉलेजं पाहून आलो. एक बसने वीस मिनिटांवर, आठ महिन्यांचा कोर्स. दुसरं दिवसभराच्या प्रवासावर, दोन वर्षं तिथेच राहायचं.

जवळच्या कॉलेजातली फरशी इतकी लख्ख, की पाय ठेवायला मलाच संकोच वाटला. भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली आणि प्रत्येक आकृतीवर पाना टांगलेला. सकाळचे अकरा वाजलेले आणि एकही जागा रिकामी नाही! लांबच्या कॉलेजात अर्धी भिंत उघडी. हत्यारं पोरांच्या हातात आणि पोरं ट्रकखाली. मास्तरांनी मुद्दाम करून ठेवलेला बिघाड कुणालाच सापडत नव्हता. एक मुलगी वैतागून कपाळ पुसत होती आणि ते आणखी काळं करत होती. बारकी तिच्याकडे टक लावून बघत राहिली. निघताना तिला दोनदा हाक मारावी लागली.

आज दुपारी डबे उघडल्यावर मी विचारलं, "मग? कुठला फॉर्म भरतेयस?"

"जवळचा."

"का गं?"

"नीटनेटकं आहे, आत्या. सगळं जागच्या जागी."

माझा घास हातातच राहिला. कामाच्या वेळी हत्यारं भिंतीवर दिसली तर समज तिथे काम होत नाही, हे मीच तिला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. ती ते विसरणं शक्यच नाही. म्हणजे बाईसाहेब मला धडधडीत थापा मारत होत्या.

"खरं बोल."

ती डब्यात बघत बसली. "तुझा खांदा वर जात नाही. परवा चाक उतरवताना बघितलं मी. मी दोन वर्षं गेले तर चाकं कोण उतरवणार?"

मला संताप आला. पोरीवर, खांद्यावर, आणि ते ऐकून बरं वाटलं म्हणून सगळ्यात जास्त स्वतःवर. कारण ती मला हवी होती. रोज हवी होती.

"तुला कामावरून काढलं," मी म्हटलं.

"काय?"

"उद्यापासून येऊ नकोस. चाकांना दुसरा माणूस ठेवीन, तुझ्यापेक्षा बरा. लांबचा फॉर्म काढ, माझ्यासमोर भर."

"आत्या, काहीतरीच काय!"

"भर म्हटलं ना."

तिने हात पुसले, फॉर्म काढला आणि नाक ओढत लिहायला लागली. मी शेजारी उभी राहून बघत होते, न जाणो पुन्हा काही चलाखी करायची. तिचे आईवडील पलीकडच्याच गल्लीत राहतात. पण 'कायमचा पत्ता' या रकान्यात तिने माझ्या गॅरेजचा पत्ता लिहिला.

काढून टाकलेल्या माणसाला असं लिहिता येत नाही, हे तिला सुनवायला मी तोंड उघडलं. आणि तिला पिनकोड सांगितला.