शुभाची सूज आणि काकूंच्या पिवळ्या गोळ्या

"शुभाच्या मेंदूला सूज आलीय म्हणे, म्हणून तर गोळ्या..." पद्मिनीकाकू शुभाच्याच किचनमध्ये उभ्या राहून फोनवर एवढं बोलल्या आणि मिक्सर सुरू झाला. पुढचं मला काही ऐकू आलं नाही.

मी शुभाची गोळ्यांची डबी बोलतेय. प्लॅस्टिकची, सात वारांचे सात खण. जन्म कुठल्याशा कारखान्यात, संसार अमेरिकेत शॉमबर्गला, मायक्रोवेव्हशेजारी. शुभाला बायपोलर आहे. कधी मन उधळतं, कधी असं खाली बसतं की अंथरूण सुटत नाही. सध्या दुसरं चाललं होतं. दीड महिना औषध घेऊन फरक नाही, ऑफिसची रजा संपत आलेली, आणि त्यात रक्ततपासणीत इन्फ्लमेशन, म्हणजे सूज, निघाली.

शेजारच्या पद्मिनीकाकू फार गुणी. प्रत्येक आजारातलं त्यांना कळतं, फक्त आजाऱ्याला विचारायचं राहून जातं.

"सूज ना? मग हळद! एवढं साधं कळत नाही, आणि म्हणे डॉक्टर!"

हळद, सुंठ, मिरी, गूळ. गोळ्या वळून काकूंनी माझे सातही खण भरले. आधीच्या गोळ्या ड्रॉवरमध्ये गेल्या. "केमिकल गं ते! हे घेऊन बघ." शुभाच्या अंगात नाही म्हणायचंही त्राण नव्हतं.

तिचा नवरा मोरेश्वर रोज मीटिंगमधून एक कान मोकळा करून विचारायचा, "गोळी घेतली?"

"घेतली."

खोटं कुठे होतं? झाकण उघडून बघायला वेळ फक्त मुंग्यांना होता.

दोन आठवड्यांनी तपासणीला मलाही पर्समधून नेलं. रक्तात लिथियम, म्हणजे तिचं मूळचं औषध, जवळजवळ नाहीच! डॉक्टरीणबाईंनी माझा बुधवार उघडला, हुंगला आणि शिंकल्या.

"शुभा, यार, हे काय?" मोरेश्वर म्हणाला.

"काकूंनी दिलं. तू रोज विचारलंस. बघितलं नाहीस."

त्याने कानातला इअरफोन काढून खिशात टाकला.

बाईंनी समजावलं. मेंदूला सूज वगैरे नाही. रक्तातला सूज दाखवणारा एक आकडा वाढलाय. तो वाढलेल्या काही जणांना औषध कमी लागू पडतं असं दिसतं, पण अजून पक्कं नाही. आणि औषध लागू पडायला आधी ते पोटात जावं लागतं. मूळच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, रजा महिनाभर वाढली.

लोकहो, जरूर या, पोळ्या लाटून द्या, तिच्याजवळ बसा. माझं झाकण तेवढं तिलाच उघडू द्या.

काल काकू आल्या, सगळं ऐकून खुलल्या. "म्हणजे सूज होतीच ना!"

"होती काकू, थोडी. बसा, चहा टाकते," शुभा उठत म्हणाली. "डबीला मात्र हात लावायचा नाही."