यादीतलं आठवं नाव

लांब पल्ल्याच्या विमानांच्या प्रशिक्षणासाठी आठ को-पायलट निवडले गेले. ज्येष्ठतेत संयुक्ता आठवी होती, तरी यादीत तिचं नाव नव्हतं. तिच्या जागी नववा कौशिक होता.

ती तडक वैमानिकांच्या ड्यूट्या लावणाऱ्या रोस्टरप्रमुख वादिराजांच्या खोलीत गेली. चेन्नई विमानतळाजवळच्या त्या ऑफिसात तिच्याशी मराठीत बोलणारे तेवढेच.

"बस गं," ते म्हणाले. "तुझं नाव मीच मागे ठेवलं. लंडनला गेलं की चार-चार दिवस घर दिसत नाही. तुझी लेक पाच वर्षांची. आपण तंजावरकडची मराठी माणसं, मला तू मुलीसारखी. इथे रोज घरी तरी जातेस."

"कौशिकचा मुलगा तीन वर्षांचा आहे, सर. त्याला विचारलंत?"

वादिराज हसले. "त्याची बायको आहे ना घरी."

संयुक्ताचे कान तापले. तिने फोनवर गेल्या महिन्याचं रोस्टर उघडून त्यांच्यापुढे धरलं.

"हे बघा. पहाटे साडेतीनला पिकअप. मदुराई, परत चेन्नई, कोइमतूर, परत चेन्नई. दुसऱ्या आठवड्यात दुपारी निघायचं आणि मध्यरात्री पोचायचं. निघते तेव्हा अनन्या झोपलेली, नाहीतर शाळेत. येते तेव्हा एक तर ती झोपलेली, नाहीतर मी झोपेने कोसळलेली. तिच्या शाळेतल्या बाईंना वाटतं, तिची आई परगावी नोकरी करते! याला तुम्ही रोज घरी म्हणता?"

"अगं, लांबच्या फ्लाइटने झोपेची वाट लागते. सणवार हुकतात."

"माहीत आहे. माझा नवरा कार्तिकेय आणि मी कॅलेंडर घेऊन बसलो होतो. तो आठवड्यातून दोनदाच सिरुसेरीच्या ऑफिसात जातो, बाकीचे दिवस घरून काम. मी चार दिवस नसेन, पण आले की सलग तीन दिवस तिची असेन. कदाचित आमचा हिशेब चुकेलही. पण चुकायचं तर आम्ही चुकू. तुम्ही कोण ठरवणारे?"

"यादी गेली वर," वादिराज रुक्षपणे म्हणाले.

त्याच दुपारी तिने मुख्य वैमानिकांना पत्र लिहिलं. ज्येष्ठतेचा नियम आणि वादिराजांचं बायकोबद्दलचं वाक्य, दोन्ही जसंच्या तसं.

बारा दिवस गेले. मग नवी यादी लागली. संयुक्ता आत, कौशिक बाहेर. क्रू रूममध्ये तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"माझी जागा गेली," तो म्हणाला.

"तुझी नव्हतीच ती."

"खरं आहे," तो म्हणाला आणि बॅग उचलून निघून गेला. पुढे कितीतरी दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. तिला त्याचं वाईट वाटलं, पण माफी मागावीशी वाटली नाही.

यादी लागली त्या संध्याकाळी घरी तिला ऑफिसकडून मेल आला: आपल्या विनंतीचा सहानुभूतीने विचार करून आपणास संधी देण्यात येत आहे.

विनंती! सहानुभूती! तिने दोनदा वाचलं आणि तिथेच, सोफ्यावर बूटही न काढता, उत्तर लिहिलं: "मी विनंती केलेली नाही. यादीत चूक झाली होती, ती दुरुस्त केली, अशी नोंद करावी."

कार्तिकेय म्हणाला, "जाऊ दे ना, मिळालं ना तुला."

"नाही जाऊ देणार," ती म्हणाली आणि मेल पाठवून दिला.