पायऱ्यांवरच्या पांढऱ्या रेघा

ग्लासगोतल्या आमच्या दगडी इमारतीत चार मजले, आठ बिऱ्हाडं आणि एकच जिना. त्याचा अभ्यास करून अहवाल लिहायचा, एवढंच माझं काम, आणि त्यातही मी एकदा नापास झाले होते. "मापं बरोबर आहेत, रोना," गिलख्रिस्ट सर म्हणाले होते, "पण तुला एकही प्रश्न पडलेला दिसत नाही." आता शुक्रवारी ते स्वतः जिना बघायला येणार होते. पुन्हा नापास म्हणजे वास्तुकलेला रामराम आणि ऑर्कनी बेटावर परत, बाबांच्या खेकड्यांच्या होडीवर.

या वेळी मी प्रश्न शोधून काढला. पायऱ्यांच्या दोन्ही कडांना पुसट पांढरे पट्टे होते. दगडात ओल असली की क्षार असेच फुलतात. सात आठवडे मी ते मोजले. दर आठवड्याला ते फिके होत गेले, म्हणजे ओल आटत होती! मी आलेख काढला आणि स्वतःवरच खूश झाले.

ओल कधीपासून आहे हे विचारायला बुधवारी खालच्या मजल्यावरच्या मिसेस मॅकेक्नींकडे गेले. वय एकोणऐंशी, त्यातली पन्नास वर्षं याच घरात. आलेख बघून त्या इतक्या हसल्या की बशीत चहा सांडला.

"ओल? अगं बये, तो माझा खडू आहे, पांढऱ्या मातीचा! जिना कुणीही धुवो, मागून रेघ मीच ओढते. सासूने लावलेली सवय."

"मग आता का थांबलात?"

"मळक्या पायरीवर रेघ ओढू? सात आठवडे जिन्याला पाणी लागलेलं नाही. पाळीची पाटी कुणाच्या घरात अडकलीय, देव जाणे." आणि त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं.

माझे कान तापले. 'या आठवड्यात जिना धुण्याची पाळी तुमची' अशी पुठ्ठ्याची पाटी मला दाराच्या मुठीला सापडली होती. काय सुंदर जुनी वस्तू, म्हणून मी ती टेबलावरच्या भिंतीला लावली होती. आमच्या बेटावर ज्याचं घर त्याची पायरी, पाळी कसली?

"मला सांगायचं तरी!"

"तोंडाने सांगायचं नसतं गं. आपलं धुऊन झालं की पुढच्या दाराला पाटी लावायची नि गप्प बसायचं. माझी सासू समोरच्या बाईशी अकरा वर्षं बोलली नाही, पण पाटी एकदाही चुकली नाही."

ओलीचा अहवाल सरांकडे आधीच गेला होता; जिना धुतला तर माझा सगळा पुरावा बादलीत जाणार होता. गुरुवारी दुपारी मी जिन्यावर उभी राहून स्वतःवर चिडत होते. पण रेघ ओढतात कशी, हे बघितल्याशिवाय मला चैनही पडत नव्हतं. शेवटी बादली आणि ब्रश घेऊन गुडघे टेकले.

"कोपरे!" मिसेस मॅकेक्नी दारात खुर्ची टाकून ओरडल्या. "ते काय राजा येऊन घासणार?"

मग त्यांनी मातीचा खडा माझ्या हातात दिला. त्यांची रेघ सरळ आली, माझी वाकडीतिकडी. पाटी मी त्यांच्या दाराला अडकवली.

शुक्रवारी गिलख्रिस्ट सर खालच्या पायरीशीच थांबले. "अहवालातली ओल कुठे गेली?"

"ओल नव्हतीच, सर. मी चुकले." पाटीसकट सगळं सांगून टाकलं.

त्यांनी बूट काढून हातात घेतले आणि रेघा टाळत, मधोमध, मोज्यांनीच वर चढू लागले.

"गोव्हनला आमच्या जिन्यावर माझी आई नागमोडी रेघ काढायची," चौथ्या मजल्यावर थांबून ते म्हणाले. "ही वाकडी कुणाची?"

"माझी."

"टेप काढ," ते म्हणाले आणि खाली बसले. "आधी हीच मोजू."